सिडनी बंदरातील रात्रभोजन फेरी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी सिडनी येथील बंदरात संध्याकाळी बोटीत बसून, जेवत जेवत फिरून येण्याची प्रथा व तिच्यावर उभा राहिलेला व्यवसाय. तिथे आणि आपल्याकडेही तिला सरसकट ‘डिनर क्रूझ’ म्हणतात. बोट बहुधा सर्क्युलर की किंवा डार्लिंग हार्बरलगतच्या किंग स्ट्रीट व्हार्फ या धक्क्यांवरून सुटते, दोन-तीन तास फिरते आणि सुटली त्याच धक्क्याला परत लागते. प्रवास म्हणावा तर कुठे पोहोचायचे नसते आणि हॉटेल म्हणावे तर ते जागेवर थांबत नाही. अशा फेऱ्या हाँगकाँगपासून इस्तंबूलपर्यंत अनेक बंदरांत निघतात. सिडनीत मात्र त्यांचा उगम थेट एका पुलाशी जाऊन भिडतो, आणि गंमत म्हणजे आज लोक बोटीत बसून मुख्यतः तोच पूल बघतात.

बंदर : पोर्ट जॅक्सन या नावानेही ओळखले जाणारे हे बंदर म्हणजे समुद्राची पातळी वाढल्यावर पाण्याखाली गेलेले नदीचे खोरे. कोकणातल्या खाड्या पाहिलेल्या माणसाला ती घडण लगेच ओळखू येईल : आत शिरलेले लांबट पाणी, दोन्ही बाजूंना त्याला फुटलेले फाटे, मध्ये बेटे आणि पाण्यात घुसलेली खडकाळ टोके. पाण्याचे क्षेत्र सुमारे ५५ चौ. किमी. आहे. नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांच्या मधून प्रशांत महासागराचे पाणी आत येते, पण तोंड सोडले तर आत मोठी लाट फारशी पोहोचत नाही. जेवणाच्या फेरीला हीच गोष्ट सोयीची पडते. टेबलावरचा पेला सांडत नाही आणि सहसा कुणाला बोट लागत नाही. कड्यांच्या समोर आल्यावर मात्र महासागराची लांब लाट जाणवू लागते, म्हणून जेवणाच्या बोटी साधारणपणे त्याआधीच वळण घेतात.

इतिहास : या पाण्यावर नावेत अन्न शिजवून खाण्याची चाल युरोपियनांच्या आधीची आहे. बंदराच्या काठी राहणाऱ्या इओरा लोकांच्या स्त्रिया झाडाच्या सालीच्या छोट्या होडीतून गळाने मासे धरत. होडीत मातीच्या थरावर विस्तव पेटता ठेवलेला असे आणि धरलेला मासा तिथेच भाजून खाल्ला जाई. १७८८ मध्ये आलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्यातल्या अधिकाऱ्यांनी रात्री पाण्यावर हलणाऱ्या या विस्तवांची वर्णने लिहून ठेवली आहेत. त्या होडीला इओरा भाषेत ‘नावी’ म्हणतात. मराठी ‘नाव’शी तिचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग, पण मराठी कानाला तो चुकवता येत नाही. या मासेमार स्त्रियांपैकी बरंगारू हिचे नाव आज किंग स्ट्रीट व्हार्फच्या शेजारच्या, काचेच्या उंच इमारतींनी भरलेल्या किनाऱ्याला दिलेले आहे. तिचा नवरा बेनेलाँग. ऑपेरा हाउस ज्या टोकावर उभे आहे ते बेनेलाँग पॉइंट त्याच्या नावाचे.

वसाहत वाढली तशी दोन्ही काठांमध्ये ये-जा सुरू झाली. ब्रिटनमधून हद्दपार केलेल्या कैद्यांच्या या गावात बिली ब्लू नावाचा एक कृष्णवर्णीय माजी कैदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उतारूंना वल्ह्याच्या होडीतून पलीकडे सोडत असे. उत्तर काठावरचे ब्लूज पॉइंट त्याचेच. पुढे वाफेच्या बोटी आल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिडनीच्या उत्तर भागातला नोकरदार माणूस सकाळ-संध्याकाळ फेरीबोटीनेच जाऊ-येऊ लागला. १९२२ मध्ये ‘कुट्टाबुल’ आणि ‘कुमपार्टू’ या जोडबोटी मुद्दाम ही गर्दी वाहण्यासाठी बांधल्या गेल्या. प्रत्येकीत दोन हजारांहून अधिक माणसे मावत.

१९ मार्च १९३२ रोजी हार्बर ब्रिज उघडला. ५०३ मीटर लांबीची पोलादी कमान, वरून रस्ता आणि रेल्वे. फेरीबोटींचे उतारू काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. एवढ्या बोटी, एवढे खलाशी आणि धक्के रिकामे ठेवणे कंपन्यांना परवडणारे नव्हते. मग दिवसा ज्यांना बोट नकोशी झाली होती त्यांनाच संध्याकाळी मौजेसाठी बोलावण्याची शक्कल निघाली. ‘कुमपार्टू’ आणि ‘कुट्टाबुल’ गाण्या-बजावण्याच्या फेऱ्यांना लागल्या. ‘कलांग’ ही बोट १९२६ साली मोटारगाड्या पलीकडे नेण्यासाठी बांधलेली होती. पुलाने तिचे काम तर पुरतेच संपवले. तिच्यावर मजले चढवून, बँड व नाचाची जागा करून तिला ‘शोबोट’ बनवण्यात आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही ती बरीच वर्षे सिडनीकरांची आवडती राहिली. आजच्या रात्रभोजन फेरीची पूर्वज ती हीच.

‘कुट्टाबुल’च्या वाट्याला निराळा शेवट आला. युद्धात नौदलाने तिला खलाशांच्या निवासासाठी गार्डन आयलंडला बांधून ठेवले होते. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या तीन छोट्या पाणबुड्या बंदरात शिरल्या. ‘शिकागो’ या अमेरिकी युद्धनौकेवर सोडलेला पाणतीर चुकून कुट्टाबुलखाली फुटला आणि बोटीवर झोपलेले २१ नौसैनिक ठार झाले. जेवणाच्या बोटी आज या जागेच्या समोरून जातात, तेव्हा बहुतेक टेबलांवर मुख्य पदार्थ आलेला असतो आणि खिडकीबाहेरच्या करड्या युद्धनौकांकडे फार कुणी बघत नाही.

भोजनालय म्हणूनच चालवलेल्या बोटींचा धंदा वाढला तो जेट विमानांनी पर्यटक येऊ लागल्यावर. १९७० मध्ये, ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या आगमनाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेली ‘कॅप्टन कुक क्रूझेस’ ही यातली जुनी कंपनी. १९७३ मध्ये ऑपेरा हाउस उघडले आणि बंदराला पुलाइतकेच ओळखीचे दुसरे दृश्य मिळाले.

मार्ग : किंग स्ट्रीट व्हार्फवरून सुटलेली बोट बरंगारूला वळसा घालून पुलाकडे येते. कमानीचा माथा पाण्यापासून १३४ मीटर उंच आहे आणि मधोमध खाली सुमारे ४९ मीटर मोकळी जागा राहते. पुलाखालून जाताना वरच्या आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो, आणि १९९८ पासून चालू झालेल्या पूल-चढाईतले लोक कमानीवर मुंग्यांसारखे सरकताना दिसतात. डाव्या हाताला लूना पार्क या जत्रेच्या मैदानाचे भले मोठे हसरे तोंड उजळलेले असते. १९३५ मध्ये उघडलेले हे मैदान जिथे आहे तिथे आधी पुलाचे पोलाद घडवणारे कारखाने होते. म्हणजे पुलाने मागे ठेवलेल्या करमणुकी दोन : एक किनाऱ्यावरची, एक पाण्यावरची.

पूल ओलांडला की उजवीकडे ऑपेरा हाउस. यॉर्न उत्झोन या डॅनिश वास्तुविशारदाची ही इमारत दिवसा पांढरी वाटते. प्रत्यक्षात तिच्या दहा लाखांहून अधिक फरशांत दुधी आणि साईच्या रंगाच्या अशा दोन छटा आहेत, आणि मावळतीच्या उन्हात त्या सोनेरी-गुलाबी होतात. इथे बोट हमखास रेंगाळते, सगळे टेबल सोडून डेकवर धावतात आणि सूप निवते. पुढे फोर्ट डेनिसन हे तटबंदीचे चिमुकले बेट, उत्तर काठावर पंतप्रधानांचे किरिबिली हाउस, मग टारोंगा प्राणिसंग्रहालय आणि ब्रॅडलीज हेड. या टोकावर ‘सिडनी’ या जुन्या युद्धनौकेची डोलकाठी उभी आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिनेच जर्मनांच्या ‘एमडेन’ला गाठून निकामी केले, ती एमडेन दीडेक महिन्यापूर्वीच मद्रासवर तोफा डागून गेली होती.

दक्षिणेला रोझ बे लागते. १९३८ पासून इथल्या पाण्यावरून उडणारी विमाने कराची-कलकत्त्यामार्गे इंग्लंडला जोडलेली होती. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जहाजमार्गांवर दिशा दाखवणारे एकेक असे दोन खांबी दिवे आहेत, एक हिरवा, एक तांबडा. त्यांचा थरांचा पांढरा आकार पाहून सिडनीकर त्यांना ‘वेडिंग केक’ म्हणतात. त्यांच्या आसपास कुठेतरी बोट परत फिरते आणि टेबलांवर गोडाची वेळ होते.

जेवण : पद्धती ढोबळमानाने दोन. काही बोटींवर तीन ते सहा पदार्थांचे बसून जेवण असते; तिथे खिडकीच्या टेबलाला जास्त पैसे पडतात आणि ती टेबले आधी जातात. काहींवर मांडून ठेवलेले बुफे असते. चाकाच्या जुन्या आगबोटींसारख्या दिसणाऱ्या शोबोटींवर जेवणासोबत नाच-गाण्याचा कार्यक्रमही होतो. बोटीवरचा मुदपाकखाना अरुंद असल्यामुळे बरीच तयारी किनाऱ्यावर उरकून घ्यावी लागते आणि आयत्या वेळी काही बदलून मागितले तर मिळेलच असे नाही. शाकाहारी, विशेषतः जैन जेवण हवे असेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवणे शहाणपणाचे.

ताटात सिडनी रॉक ऑयस्टर, म्हणजे तिथली नामांकित कालवे, मेंढीचे मांस आणि बॅरामंडी मासा हे नेहमीचे. बॅरामंडीचे ऑस्ट्रेलियात मोठे कौतुक आहे, पण अलिबाग-पेणकडच्या माणसाने बिचकण्याचे कारण नाही. तो आपला जिताडाच. शास्त्रीय नावानेही तीच जात. तिथे तो कमी मसाल्यात, कातडी कुरकुरीत करून वाढतात. रायगडच्या आंबट-तिखट रश्शाची सवय असलेल्याला तो अळणी वाटेल, यात शंका नाही.

यातले काहीही बंदरातून आलेले नसते, ही या जेवणातली सर्वांत विचित्र गोष्ट. बंदराच्या पश्चिमेच्या फाट्यात होमबुश बेच्या काठावर युनियन कार्बाइड कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तिथे तणनाशके बनवताना निघालेले डायॉक्सिन गाळात साठून राहिले आणि माशांत उतरले. २००६ मध्ये सरकारने संपूर्ण बंदरात व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. हौशी गळवाल्यांनाही पुलाच्या पश्चिमेला धरलेला मासा खाऊ नका, पूर्वेकडचा बेताने खा, अशी सूचना आहे. जिथे इओरा स्त्रिया होडीतच मासा भाजून खात, त्याच पाण्यावर आता बाहेरून आणलेला मासा वाढतात. भोपाळमुळे हे कंपनीचे नाव आपल्याला वेगळ्या अर्थाने माहीत आहे.

वेळ आणि ऋतू : दक्षिण गोलार्धात असल्याने तिथला डिसेंबर भर उन्हाळ्याचा. तेव्हा सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो. सातची बोट उजेडात निघून दिव्यांत परतते आणि एका फेरीत दोन्ही रूपे दिसतात. जूनमध्ये पाचलाच सूर्य बुडतो, म्हणून सूर्यास्तासाठी तीच सातची बोट धरणाऱ्याची फसगत होते. मात्र मे-जूनमध्ये, २००९ पासून, ‘व्हिव्हिड सिडनी’ हा दिव्यांचा उत्सव असतो. ऑपेरा हाउसच्या शिडांसारख्या छपरांवर रंगीत चित्रे हलू लागतात आणि थंडी असूनही बोटी भरतात. वर्षातली सर्वांत महागडी रात्र ३१ डिसेंबरची. पुलावरून उडणारे दारूकाम बघायला बोटी सायंकाळपासून पाण्यात जागा धरून बसतात आणि मध्यरात्रीनंतरच उतारू उतरतात. लग्नाचे स्वागतसमारंभ, पन्नाशी-साठीचे वाढदिवस यांसाठी अख्खी बोट भाड्याने घेण्याचीही पद्धत आहे.

महाराष्ट्र व गोव्याशी तुलना : महाराष्ट्रातून निघणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सहलींत बंदराची फेरी, जेवणासह किंवा जेवणाविना, बहुधा असतेच. मुंबईचे बंदरही नैसर्गिक आणि मोठे आहे, पण तिथे जेवणाची फेरी सिडनीइतकी रुजलेली नाही. गेटवेवरून संध्याकाळी लाँचने तासभर फिरून येणे, फार तर वरच्या डेकसाठी थोडे जास्त पैसे मोजणे, हीच ओळखीची चाल. आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेच्या लाँच बंदच असतात. सिडनीच्या प्रथेच्या अधिक जवळची आहे ती पणजीची मांडवीतली फेरी. सांता मोनिका धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीवर देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज वळणाचे नाच होतात, उतारूंनाही नाचायला बोलावतात, आणि काही फेऱ्यांत जेवणही असते. तिथेही बोट पुलाखालून जाते. फरक इतकाच की मांडवीवरचा जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा पणजी-बेतीच्या लोकांना काही वर्षे पुन्हा फेरीबोटीनेच नदी ओलांडावी लागली होती.