रोजच्या सायकलसाठी पायात काय घालावं आणि पायडल कुठलं घ्यावं

सायकलच्या दुकानात गेल्यावर लोक गिअर किती आहेत ते विचारतात, टायर दाबून बघतात, रंगावरनं घरात चर्चा होते, पण पायडलकडं कुणी ढुंकून बघत नाही. आणि बुटांचा विचार तर सायकलच्या हिशोबात धरलाच जात नाही. खरं म्हणजे अंगातली सगळी ताकद सायकलला मिळते ती तळव्याच्या त्या चार बोटं रुंद जागेतनंच. अर्धा तास मिनिटाला ६० च्या गतीनं पायडल मारलं तर १८०० फेऱ्या होतात, म्हणजे दोन्ही पाय मिळून ३६०० वेळा दाब. तिथं काही चुकीचं बसलं असेल तर ते ३६०० वेळा चुकतं.

आधी दाब किती असतो ते बघू, कारण महागडे कडक तळाचे बूट हवेत की नकोत ते त्यावरच ठरतं. सपाट रस्त्यावर आरामात चाललाय, साधारण ६० वॅट ताकद लागतेय असं धरा, क्रँक, म्हणजे पायडल धरणारा हात, १७ सेंटिमीटरचा. गणित केलं तर पायडलवर सरासरी जोर येतो साडेपाच-सहा किलोचा, आणि पाय खाली जाताना मधल्या टप्प्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे बारा किलोच्या आसपास. एवढा जोर साधा कॅनव्हासचा बूटपण सहज पेलतो. पण आपल्या बेळगावात कपिलेश्वरच्या ओव्हरब्रिजवर सीटवरनं उठून मारायला लागलात, किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण घेतलीत, की अख्ख्या शरीराचं वजन एका पायडलवर येतं, ६० किलो, ७० किलो. तिथं मऊ तळ दबतो, पायडलच्या कडेवर वाकतो, आणि पंज्याच्या हाडांमधनं बोटांकडं जाणाऱ्या नसा चेपल्या जातात. पायाला मुंग्या येणं, तळव्याची आग होणं हे बऱ्याचदा यामुळंच होतं, आणि लेस घट्ट आवळली असेल तर आणखी लवकर, कारण उन्हात पाय थोडा सुजतो आणि बुटात जागा उरत नाही. त्यामुळं धावायचे जाड फोमचे बूट चालायला कितीही छान वाटले तरी सायकलला मला ते पसंत नाहीत, प्रत्येक दाबातला थोडा भाग फोम दाबण्यातच जातो. बूट हातात घेऊन मधनं वाकवून बघा, पुठ्ठ्यासारखा दुमडला तर सोडून द्या, थोडा अडून वाकला तर तो रोजच्या वापराला भरपूर झाला. तळ सपाट, रबरी आणि पातळ असावा, खाली मोठमोठे खाचे नकोत.

आता आपल्याकडं खरा प्रश्न चपलांचा आहे. अथणी, निपाणी भागात कोल्हापुरी चप्पल घराघरात बनते, २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसकट कर्नाटकाचे चार जिल्हेही आहेत, आणि शेताकडं जाणारी कितीतरी माणसं तीच घालून सायकल मारतात. कोरड्या दिवशी रबरी ठोकळ्यांच्या पायडलवर ती चालून जाते, कातडं कडक असतं त्यामुळं दाबपण नीट पसरतो. पण ओलं झालं की गुळगुळीत कातडी तळ आणि झिजलेलं पायडल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकतच नाहीत आणि पाय सटकतो. टायरला नक्षी का असते, पाण्याला बाहेर जायला वाट पाहिजे म्हणून, तेच इथंही आहे. त्यात खानापूर-जांबोटी बाजूची तांबडी माती तळाला लागलेली असली की विचारायलाच नको, तिचे बारीक ओले कण ग्रीससारखं काम करतात. हवाई चपलेची अडचण वेगळी, टाच मोकळी असते म्हणून पाय वर येताना चप्पल लोंबते, ती सांभाळायला बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि पोटरी भरून येते. जून ते सप्टेंबर मागं पट्टा असलेला फ्लोटर सँडल घाला, याच्याइतकी सोयीची चीज आपल्या पावसाला दुसरी नाही. भिजला तरी वाळतो, आणि टाच धरून ठेवतो.

पाय ठेवायचा कुठं? पुष्कळ जण तळव्याच्या मधल्या खळग्यात पायडल घेतात. पण चवड्याचा फुगीर भाग पायडलच्या दांडीवर किंवा अगदी किंचित पुढं, ही जागा बहुतेकांना सोसते. फार पुढं, बोटांवर मारलं तर पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर ताण वाढतो.

पायडलमध्ये तीन जाती समजून घ्या. पहिली दूधवाल्याच्या काळ्या सायकलीवाली, रबरी ठोकळ्यांची. स्वस्त, चप्पल-साडी-ऑफिसचा बूट सगळ्याला चालते, फक्त रबर घासून गुळगुळीत झालं की ते पायडल बदला, चालतंय तोवर चालू दे असं करू नका. दुसरी रुंद सपाट, वर छोट्या पिना असलेली. पिनेचं टोक एवढंसं असतं की दाब तिथं एकवटतो, पाण्याचा थर फुटतो आणि पिन रबरात रुतते, म्हणून पावसात हिची पकड सगळ्यात भारी. तोटा असा की कातडी तळ कुरतडला जातो आणि पाय चुकलाच तर नडगी सोलते. रबरी तळाचे बूट घालणाऱ्यांनी नायलॉनची, पिनावाली घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी जात बूट अडकवायची. १९८५ मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड इनो या सायकलपटूनं लूक कंपनीची अशी पायडलं लावून टूर द फ्रान्स जिंकली आणि रेसचं जग बदललं, मग १९९० मध्ये शिमानो कंपनीची छोट्या दोन स्क्रूंच्या क्लीटची (पायडलमध्ये अडकणाऱ्या, बुटाच्या तळाच्या तुकड्याची) पद्धत आली, तिच्यात क्लीट तळाच्या आत राहते म्हणून निदान चालता येतं. लोक सांगतात की यात पाय वर ओढूनपण ताकद लावता येते. २००७ सालच्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढून मारायला लावलं, तेव्हा तेवढंच काम करायला शरीराला जास्त ऊर्जा लागली. मांडी वर उचलणारे स्नायू खाली दाबणाऱ्या स्नायूंपुढं लहानच असतात. चोर्ला घाटाला ग्रुपनं जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांना वेगात आणि खड्ड्यात पाय जागेवर राहण्याचा फायदा आहे. पण चन्नम्मा चौकात दहादा पाय टेकवायचा, गणपत गल्लीत सायकल हातात धरून चालायचं, त्याला ही भानगड कशाला.

पायडल विकत घेताना आटे बघा. बहुतेक सायकलींना ९/१६ इंची, इंचाला २० आटे, पण एकसंध क्रँकच्या लहान मुलांच्या सायकलींना अर्ध्या इंचाचं लागतं. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उद्यमबागेत लेथवर काम केलेल्याला उलटे आटे नवे नाहीत, पण इथं ते का, हे फार सुंदर आहे. एक पेन सैल मुठीत धरा आणि त्याचं बाहेरचं टोक गोल फिरवा. पेन मुठीच्या आतल्या भिंतीवर घरंगळत उलट्या दिशेनं स्वतःभोवती फिरतं. पायडलची दांडी क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसवली तरी केसाएवढी फट राहतेच, तुमचा दाब कायम खालच्या दिशेला आणि क्रँक गोल फिरतोय, म्हणजे क्रँकच्या बाजूनं बघितलं तर दाबच गोल फिरतोय. दांडी त्या फटीत घरंगळते. दोन्हीकडं सुलटे आटे ठेवले तर उजवं आवळत जाईल आणि डावं ढिलं होत होत एक दिवस निघून येईल. पायडलच्या आतल्या छर्ऱ्यांचं घर्षण दांडीला नेमकं याच्या विरुद्ध दिशेनं ओढत असतं, पण वजन पडलं की घरंगळणंच जिंकतं. घरी काढायचं असेल तर १५ चा पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि टोक मागच्या चाकाकडं ओढा, दोन्ही बाजूंना ढिलं व्हायची दिशा तीच. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे आटे हातानंच फिरवा, अल्युमिनियमच्या क्रँकमध्ये तिरकं घुसलं तर आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

आता बाकीच्या सामानात पहिला खर्च घोट्यावर करा. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे फक्त उजळ ठिपके दाखवले, ठिपके स्थिर असेपर्यंत कुणाला काही कळत नव्हतं, माणूस चालू लागला की बघणाऱ्यांना क्षणात समजायचं. आपला मेंदू पायांची हालचाल ओळखण्यात तरबेज आहे. म्हणून दोन्ही घोट्यांना रेडियमची पट्टी, आणि पायडलच्या कडेला रिफ्लेक्टर, ते वर-खाली होताना मागच्या ड्रायव्हरला समोर सायकलवाला आहे हे फार लवकर कळतं. शिवाय डिपरचा उजेड रस्त्यालगत खालीच पडतो, पाठीवरच्या जॅकेटपर्यंत तो उशिरा पोचतो. ६० च्या वेगातली गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर येते, तेव्हा एका सेकंदाचीसुद्धा किंमत मोठी आहे. निऑन रंगाचा शर्ट दिवसा उत्तम, पण तो चमकतो उन्हातल्या अतिनील किरणांवर, रात्री त्याचा काही उपयोग नाही.

पट्टीला दुसऱ्याचा उजेड लागतो, म्हणून मागचा लाल दिवा स्वतःचा हवाच. ऊसाच्या हंगामात चिकोडी, गोकाक रोडला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यांना ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. जुना बाटली डायनॅमो ६ व्होल्ट ३ वॅटचा, टायर ओला झाला की त्याचं चाक घसरतं आणि नेमका पावसातच उजेड जातो. आता यूएसबीवर चार्ज होणारा दिवा घ्या, आणि कॅरिअरवरच्या डब्याआड तो झाकला जात नाही ना ते मागं उभं राहून बघा.

मडगार्डला खाली रबरी फ्लॅप लावून घ्या, पुढचा फ्लॅप जमिनीपासून चार बोटं वर एवढा लांब असला तर बूट आणि पायडलचे छर्रे दोन्ही चिखलापासून वाचतात. चेनकव्हर नसेल तर उजव्या पँटला क्लिप, आणि लेसची गाठ बुटाच्या आत खोचा. मुलांना शाळेला सोडण्याआधी त्यांच्या लेस तेवढ्या बघत जा, उजव्या बुटाची लेस चेनमध्ये गेली की पाय सोडवायला वेळच मिळत नाही.