मरणाऱ्या दाताचा इतिहास

थंड पाण्याने उठलेली कळ पाणी गिळल्यावरही बराच वेळ राहणे, पुढे गरम चहा सोसेनासा होणे आणि मग एके दिवशी सगळे दुखणे अचानक थांबणे, हा दाताची नस मरण्याचा नेहमीचा क्रम आहे. शेवटच्या टप्प्याला रुग्ण बरे वाटणे समजतो. मुळाच्या टोकाशी संसर्ग मात्र चालूच असतो आणि दात काळवंडल्यावर किंवा हिरडीवर गळू आल्यावरच तो उघड होतो.

दातात किडा असतो हा बाबिलोनच्या काळापासूनचा समज पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८च्या ग्रंथात नाकारला आणि नस काढण्याची रीतही सांगितली. १८३६पासून नस मारण्यासाठी आर्सेनिक वापरले जाऊ लागले. ते बाहेर झिरपले तर हिरडी आणि हाडही जळे. १८६४मध्ये लाळ अडवणारा रबराचा पडदा आला, १८६७च्या सुमारास मुळाची पोकळी गटापर्चाने, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाने, भरणे सुरू झाले, आणि १८९५मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर मुळाचे टोक पाहता येऊ लागले.

तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी नस काढून दात वाचवण्याची ही विद्या जवळजवळ बुडालीच होती. इंग्लंडचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१०मध्ये माँट्रिअलच्या भाषणात सडक्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर कडक टीका केली. तिचा रोख निकृष्ट कामावर होता, पण खापर फुटले ते नस काढलेल्या प्रत्येक दातावर. संधिवातापासून हृदयविकारापर्यंत अनेक रोगांचे मूळ तोंडात शोधले जाऊ लागले आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य दात, त्यांत वाचवण्याजोगेही, उपटले गेले.

हे सावट ओसरत असताना, १९६५मध्ये, अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांतील नस उघडी करून पाहिली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत जखमेवर नवे कठीण आवरण तयार झाले. साध्या उंदरांत नस मेली आणि मुळाशी गळू झाले. नस मरते ती मुख्यतः जंतूंमुळे, हे त्यातून ठरले, आणि मुळाची पोकळी जंतुमुक्त करून घट्ट बंद करणे हे रूट कॅनालचे सूत्र झाले.

निदान मात्र आजही थोडे आडवळणाचेच आहे. गार किंवा विजेच्या चाचणीने दाताची संवेदना कळते, रक्तपुरवठा नव्हे. त्यामुळे नुकताच मार बसलेला दात जिवंत असूनही अनेकदा प्रतिसाद देत नाही. म्हणून अशा दाताची घाईने नस न काढता काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतात आणि क्ष-किरण चित्र व ठोकून पाहिल्यावरचे दुखणे यांची सांगड घालून मगच उपचार ठरवतात.