अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को का नव्हेत

सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहावरच्या माहितीपटांत एक दृश्य हमखास दिसतं: छताच्या काजळलेल्या थरावरून ओला स्पंज फिरतो आणि खालून लख्ख हिरवा, नारिंगी रंग वर येतो. व्हॅटिकनमधलं ते काम १९८० ते १९९४ चाललं. त्याला पैसा जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने पुरवला आणि बदल्यात चित्रीकरणाचे हक्क घेतले. मग अजिंठ्याची पिवळी पडलेली चित्रं अशीच का पुसत नाहीत? कारण ते छत फ्रेस्को आहे. अजिंठा नाही, जरी पुस्तकांत आणि पाट्यांवर सर्रास तसं लिहिलेलं असलं तरी.

फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच, नुसत्या पाण्यात खललेले रंग लावतात. ना डिंक, ना सरस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंगाचे कण त्यातच कायमचे अडकतात. म्हणजे रंग हा भिंतीचाच भाग. गिलावा काही तासच ओला राहतो, म्हणून त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच लावतात. दोन दिवसांच्या कामांमधला सांधा बाजूने तिरपा उजेड टाकला की उठून दिसतो. ओळखायची ही सर्वांत भरवशाची खूण.

अजिंठ्याची चित्रं टेम्पेरा आहेत, म्हणजे डिंक-सरसासारख्या चिकटवणाऱ्या पदार्थात रंग कालवून केलेली. टेम्पेरा कोरड्यावर होतो. अजिंठ्यात खडबडीत कातळावर माती, वाळू, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा लेप, त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेला रंग. हा डिंक-सरस म्हातारा झाला की रंगाचे पापुद्रे सुटतात. पापुद्रा पडलेल्या जागी आधी पांढरं आणि त्याखाली तपकिरी माती दिसते.

सिस्टीनमध्ये अमोनियम आणि सोडियम बायकार्बोनेटचा जेलसारखा लेप साधारण ३ मिनिटं ठेवून पाण्याने पुसला. ते छत रंगवणाऱ्या मायकेलअँजेलोने गिलावा सुकल्यावर वरून फिरवलेला रंगाचा हातही त्यात गेला का, हा वाद आजही आहे. अजिंठ्यात तसं केलं तर सरस विरघळेल आणि मातीही भिजेल.

इथलं पिवळेपण मुळात दुरुस्तीतूनच आलं. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवले, त्यामुळे बरंच वाचलं हे मान्यच करायला हवं. पण वर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं वॉर्निश दिलं. ते पिवळं पडलं, त्याने धूळ आणि वटवाघळांची घाण धरली, आणि आकसताना रंगालाही ओढून घेतलं.

ते काढताना आधी सुटे पापुद्रे पक्के करायचे. मग द्रावकात जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा घेऊन नखाएवढा भाग न घासता टिपायचा. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते, शंभर वर्षांची मात्र चिवट होते, त्यामुळे जोर लावायचा मोह होतो. बोळ्यावर पिवळ्याऐवजी चित्रातला रंग दिसला, की हात तिथेच थांबवायचा.