सुरवंटावरचे पांढरे दाणे ही अंडी नव्हेत

मुंबईत बाल्कनीतल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या रोपावर कधीकधी असा सुरवंट दिसतो, ज्याच्या अंगाला तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले असतात, आणि ही त्याचीच अंडी आहेत, आता सगळ्या कुंड्यांना कीड लागणार, असे समजून तो चिरडला जातो. हा जुना समज पूर्णपणे चुकीचा आहे. सुरवंट ही फुलपाखराची बाल्यावस्था असल्याने तो अंडी घालूच शकत नाही.

ते दाणे म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या परजीवी गांधीलमाशीचे रेशमी कोष होत. मादी आपली अंडी सुरवंटाच्या शरीरात घालते, अळ्या आतून त्याच्यावरच पोसल्या जातात आणि वाढ पुरी झाली की कातडी भेदून बाहेर येतात व कोष विणतात. त्यानंतरही सुरवंट काही काळ जिवंत असतो, हे पाहताना जीव कळवळतो. पण त्याचे फुलपाखरू होत नाही.

हे कोष पानासकट जाळीच्या झाकणाच्या डबीत ठेवले, तर काही दिवसांत प्रत्येकाच्या टोकाला गोल झाकण कापून माशी बाहेर पडते. ही माशी विज्ञानाला अजून अज्ञात असलेल्या प्रजातीचीही असू शकते. अशा नव्या प्रजातीचे वर्णन करताना पंखांतील शिरा, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आणि डीएनए यांची ज्ञात प्रजातींशी तुलना करावी लागते, त्या प्रजातीची ओळख ज्यावरून ठरते असा एक प्रमाण नमुना कायमचा जपावा लागतो, आणि माशी कोणत्या सुरवंटातून निघाली ही नोंद तर फार मोलाची ठरते. म्हणून डबीवर तारीख, ठिकाण व झाडाचे नाव अवश्य लिहावे.