सोलापुरातून २४ तासांत १००० मैल: सॅडलसोर राईडसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

मोटरसायकलवरून २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६१० किलोमीटर. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन या राईडला 'सॅडलसोर १०००' म्हणते आणि ती पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट देते. हीच संस्था आता दर विषम वर्षी आयर्न बट रॅली भरवते. ११ दिवसांत सुमारे ११,००० मैल अशी ती रॅली १९८४ मध्ये पहिल्यांदा झाली. तिथपर्यंत जाण्याचं स्वप्न असेल तर सुरुवात या एका दिवसाच्या राईडपासून करायची. सोलापुरातून ती कशी करायची, अर्जाला काय जोडायचं आणि अर्ज कुठे अडकतो, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही शर्यत नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय ज्या राईडच्या वेळा पाहून गाडी बेफाम पळवल्याचं दिसतं, ती राईड असोसिएशनही मान्य करत नाही. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पूर्ण केली किंवा नाही केली, एवढेच दोन निकाल.

पात्रता

सीसीची अट नाही. १५० सीसीची गाडी चालते, ६५० चीही चालते. आधीपासून सभासद असावं लागत नाही, ही राईड मंजूर झाली की सभासदत्व मिळतं. गिअरच्या मोटरसायकलचं पक्कं लायसन हवं. लर्निंग लायसनवर विचारही करू नका. मागे बसणाऱ्यालाही वेगळं सर्टिफिकेट मिळू शकतं, पण त्याने पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत त्याच गाडीवर बसलेलं असलं पाहिजे. चार मित्र एकत्र निघाले तर चौघांचे चार अर्ज आणि पावत्यांचे चार वेगळे संच लागतात. 'बिल एकच करा, पैसे मी देतो' हा आपला मोठेपणा इथे महागात पडतो.

गाडीची आणि स्वतःची कागदपत्रं

लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी ही चार लागतातच. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत कायद्याने चालते. तरीही झेरॉक्सचा एक संच सोबत ठेवा, कारण परराज्यात रात्री दोन वाजता मोबाईलची बॅटरी संपलेली असू शकते. एमएच-१३ ची गाडी मध्य प्रदेशात अडवली गेली तर हातात कागद असलेला बरा. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र घ्या.

विम्याकडे मात्र नीट बघा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत 'वापरावरील मर्यादा' असा एक परिच्छेद असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असं त्यात छापलेलं असतं. एकट्याने कायद्यात राहून केलेला लांबचा प्रवास म्हणजे शर्यत नव्हे, हे आपल्याला पटतं. क्लेम तपासणाऱ्याला पटेलच असं नाही. निघण्याआधी विमा कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण चालू आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

पुरावा: सगळा अर्ज पावत्यांवर उभा असतो

असोसिएशनला तुमचा व्हिडिओ नको असतो, स्पीडोमीटरचा फोटोही नको असतो. हवी असते छापील पावती. तिच्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही असायला हवं. सुरुवातीला एक, शेवटी एक, वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल भरण्याची एक, आणि रस्ता जिथे वळतो त्या प्रत्येक टोकाची एक. घड्याळ पहिल्या पावतीवरच्या वेळेला सुरू होतं आणि शेवटच्या पावतीवरच्या वेळेला थांबतं. तुम्ही गाडीला किक किती वाजता मारली याला अर्थ नाही.

आपल्याकडे यात एक वेगळीच अडचण आहे. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. एरवी चैनच, पण त्यामुळे टोलची पावती नाही आणि फास्टॅगची नोंदही नाही. चारचाकीवाल्याचा प्रवास आपोआप नोंदला जातो, आपला जात नाही. म्हणून सगळा भार पंपाच्या बिलावर येतो, आणि पंपाचं बिल ही आपल्याकडे मागून घ्यायची गोष्ट आहे. हाताने लिहिलेलं बिलबुक चालत नाही. मशीनमधून निघालेलं बिल घ्या आणि पंपावरच उभं राहून वाचा. कितीतरी पंपांच्या मशीनमधली वेळ चुकलेली असते, कुठे गावाचं नावच छापलेलं नसतं. असं झालं तर शेजारच्या एटीएममधून शंभर रुपये काढून स्लिप घ्या. तिच्यावर सहसा तिन्ही गोष्टी असतात. यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर ठिकाण नसतं, त्यामुळे तो फार तर जोडीला. जीपीएसचा ट्रॅकही तसाच, उपयोगी पण पावतीची जागा घेणारा नाही.

प्रत्येक थांब्याला बिलाच्या मागे ओडोमीटरचा आकडा लिहा आणि लगेच फोटो काढा. थर्मल कागदावरची शाई उन्हात आणि जॅकेटच्या खिशातल्या घामाने उडते. हेच आकडे पुढे अर्जातल्या नोंदवहीत क्रमाने भरायचे असतात.

साक्षीदारांचे दोन फॉर्म असतात, एक निघतानाचा आणि एक पोचल्यावरचा. घरच्यांपेक्षा बाहेरचा माणूस घ्या, ज्याला नंतर कोणी विचारलं तर ओळख देता येईल असा. पंपाचा मॅनेजर, क्लबातला जुना रायडर, ओळखीचा डॉक्टर कोणीही चालेल. मात्र अवेळी तो पंपावर खरोखर हजर असायला हवा. हे आदल्या आठवड्यात ठरवा.

मार्ग: सोलापूर ते शाजापूर आणि परत

नकाशा उघडला की पहिल्यांदा गोल चक्कर सुचते. हैदराबाद, बंगळुरू, हुबळी, विजयपूर, सोलापूर. दिसायला देखणी, पण बेरीज साधारण १५९० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे नेमकी कमी. वर दोन महानगरं ओलांडायची. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे गर्दीतूनच जावं लागतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गही आपल्याला बंद. तिथून मार्ग आखून मग रडत बसू नका.

माझा कल राष्ट्रीय महामार्ग ५२ कडे आहे. तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, धुळे, शिरपूर, सेंधवा, धामणोद, इंदूर, देवास, मक्सी, शाजापूर आणि त्याच रस्त्याने परत. क्रमांक एकच, वळणं चुकण्याची भीती नाही, मोठ्या शहरांना बायपास आहेत. जाऊन येऊन साधारण १६५० किलोमीटर होतात. मक्सीलाच फिरलात तर बेरीज १६०० च्या आसपास अडकते आणि राईड बाद होऊ शकते. ओडोमीटर थोडं जास्त दाखवतो, अंतर मात्र नकाशावरून तपासलं जातं. त्यामुळे गाडीवर १६१५ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. तीस-चाळीस किलोमीटर शिल्लक असू द्या. अशा सरळ जाऊन येण्याच्या राईडमध्ये सर्वांत मोलाची पावती टोकाची, म्हणजे शाजापूरची. ती हरवली तर तुम्ही तिथे गेलात हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.

वेळेचं गणित

चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, इतरत्र ६०, आणि राज्य सरकार ती आणखी कमीही करू शकतं. १६५० ला २४ ने भागा: थांबे धरून ताशी ६९ ची सरासरी. गेवराई, धुळे, धामणोद, शाजापूर आणि येताना पुन्हा धामणोद, धुळे, गेवराई असे पेट्रोलचे सात थांबे धरू. प्रत्येकी १२ मिनिटं म्हणजे ८४ मिनिटं. दोनदा वीस-वीस मिनिटांचं खाणं. उरले २१ तास ५६ मिनिटं, म्हणजे चालत्या गाडीची सरासरी ७५ च्या वर हवी. त्यात कन्नडचा औट्रम घाट आहे, सेंधव्याजवळचा बिजासन घाट आहे, गावातले गतिरोधक आहेत. स्पष्ट सांगायचं तर मर्यादेत राहून हे कसंबसं बसतं, आणि एखादं डायव्हर्जन लागलं तर बसत नाही.

यावर 'मग थोडं ताणू' हे उत्तर नव्हे. वेळ वाचतो तो पंपावर. बारा मिनिटांचा थांबा पंचवीसचा झाला तर सात थांब्यांत दीड तास जातो, आणि तो दीड तास मर्यादेत राहून भरून येत नाही. म्हणून थांब्यावरच्या कामांचा क्रम पाठ करा: पेट्रोल, बिल, वाचन, फोटो, आकडा, लघवी, पाणी, निघा. हेल्मेट उतरवून व्हॉट्सॲप उघडलं की दहा मिनिटं गेलीच. जेवण धाब्यावर नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टँक बॅगेत ठेवा. ती सांडत नाही, नासत नाही आणि दोन घासांत पोट भरतं. भरपेट जेवून गाडीवर बसलेल्याला तासाभरात डुलकी येते. चहा-कॉफीवर झोप ढकलायची सवयही नको.

निघण्याआधी दोन दारं, म्हणजे वेळेच्या मर्यादा, ठरवून ठेवा. धुळे सात तासांत, शाजापूर बारा तासांत. दुसरं दार चुकलं तर सर्टिफिकेट त्याच क्षणी सोडायचं, देवासला किंवा इंदूरला खोली घ्यायची, झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. हा निर्णय घरी घेतलेला असावा. सोळाव्या तासाला थकलेलं डोकं 'होईल हो' असंच म्हणतं. ठिकाणं गाठून गुण मिळवायच्या आयर्न बट रॅलीतही हेच चालतं. बोनसची लांबची ठिकाणं गुणांनी भुलवतात, पण चेकपॉइंटची वेळ हुकली तर आधी जमवलेले गुणही कामाला येतीलच असं नाही. मुरलेले रायडर म्हणून आधी पूर्ण करण्यापुरता मार्ग आखतात आणि जादा गुण त्यातून वेळ उरला तरच घेतात. सी. एस. संतोष २०१५ साली डाकार ही खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला तो ३६ व्या क्रमांकावर येऊन. शर्यतीतसुद्धा पहिल्या खेपेला शेवट गाठणं हेच लक्ष्य असतं.

निघायची वेळ? बहुतेक जण पहाटे तीन म्हणतात. दुपारी पाच-सहा तास गाढ झोपता येत असेल तर माझं मत संध्याकाळी सहाच्या बाजूने आहे. गाळप हंगामात धाराशिव-बीडच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांना ताज्या डोळ्यांनी पहिल्या चार तासांत गाठावं, शेवटच्या चार तासांत नव्हे. परतीचा दमलेला अर्धा भाग मग उजेडात येतो. ज्यांना दिवसा झोप लागत नाही त्यांनी पहाटेच निघावं. एप्रिल-मे टाळा, खानदेश आणि निमाड भाजून काढतात. कोजागरीच्या सुमारासही नको, सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवलेली असते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहरातून बाहेर पडायलाच वेळ जातो. फेब्रुवारी बरा. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतर वेळी ११२, हे टाकीवर चिकटपट्टीने लावून ठेवा.

नवे टायर, नवी सीट, नवे दिवे आदल्या आठवड्यात बसवू नका. जे बसवायचं ते महिनाभर आधी बसवून पाचशे किलोमीटरची एक फेरी मारून या.

अर्ज

परत आल्यावर आधी झोपा. मग असोसिएशनच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा: नाव, गाडीचं मॉडेल, राईडचा प्रकार, सुरुवात आणि शेवटची वेळ, मार्ग. सोबत थांब्यांची नोंदवही, सगळ्या पावत्यांचे स्पष्ट स्कॅन, दोन्ही साक्षीदार फॉर्म आणि मार्ग दाखवलेला नकाशा. शुल्क ऑनलाइन भरायचं असतं. रक्कम त्या दिवशी तिथेच पाहा आणि कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. नियमावलीही निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. नाव सर्टिफिकेटवर जसं हवं तसंच इंग्रजीत लिहा, बदल करायला नंतर पत्रव्यवहार करावा लागतो.

तपासणारी माणसं पावतीला पावती जोडून बघतात: दोन थांब्यांमधलं अंतर, लागलेला वेळ, ओडोमीटरचा फरक. गावांची नावं त्यांना ओळखीची नसतात. म्हणून नोंदवहीत गावापुढे जिल्हा आणि राज्य लिहा. संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद अशी दोन्ही नावं पावत्यांवर येऊ शकतात, तिथे एका ओळीचा खुलासा जोडा. एखाद्या पंपाची वेळ चुकलेली असेल तर तीही स्वतःहून सांगा आणि शेजारची एटीएमची स्लिप लावा. मूळ पावत्या सर्टिफिकेट हातात येईपर्यंत फेकू नका; त्या मागवल्या जाऊ शकतात.

अर्ज परत आला तर तो बहुतेक वेळा याच कारणांनी येतो: टोकाची पावती नाही, अंतर दहा-बारा किलोमीटरने कमी, किंवा शेवटचं बिल २४ तासांच्या पुढचं. शेवटच्या कारणाचा उपाय पंप निवडण्यात आहे. सोलापुरात ज्या पंपावरून निघाल तोच रात्रंदिवस चालू असतो का, परत येण्याच्या वेळेला तिथे मशीनचं बिल निघतं का, कागदाचा रोल संपलेला असतो का, हे आधी एकदा त्या वेळेला जाऊन बघून या. आणि तुळजापूर रोडवरचा, शहरात शिरण्याआधीचा पंप धरा.