तारेवर खेटून बसलेल्या त्या भिंगऱ्या नव्हेत

कोकणात ताडांजवळच्या विजेच्या तारेवर सात-आठ राखाडी पक्षी बसलेले दिसले, की बरेचजण वहीत ‘भिंगऱ्या’ लिहून मोकळे होतात. जरा थांबून बघा. सगळे एकमेकांना अगदी खेटून बसलेत, एकजण शेजाऱ्याच्या मानेची पिसं चोचीनं विंचरतोय, नवा आलेला पंख मिटून त्याच रांगेत घुसतोय. हा ॲशी वुडस्वॅलो. भिंगऱ्याही तारेवर रांगेत बसतात, पण सहसा अंतर राखून.

नावात ‘स्वॅलो’, म्हणजे भिंगरी, असलं तरी नातं लांबचं. भिंगऱ्या हिरुंडिनिडी कुळातल्या. वुडस्वॅलो, म्हणजे आर्टॅमस फस्कस, आर्टॅमिडी कुळातला. त्याचे जवळचे नातलग ऑस्ट्रेलियातले बुचरबर्ड. भिंगरी आणि वुडस्वॅलो दोघंही उडते किडे पकडतात, त्यामुळेच ते सारखे वाटतात.

दुर्बिणीतून आधी चोच बघा. भिंगरीची इवलीशी, चपटी; वुडस्वॅलोची जाडजूड, निळसर राखाडी. माळभिंगरीची (बार्न स्वॅलो) शेपटी लांब, दुभंगलेली. याची आखूड, जवळजवळ सरळ कापलेली. उडताना पंख बुडाशी रुंद, त्रिकोणी दिसतात. आणि मला सगळ्यांत आवडणारी खूण: तो पंख न हलवता घारीसारखा तरंगत राहतो. एवढ्याशा पक्ष्याला हे जमतं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान दुखेपर्यंत वरच बघत होतो. किडा टिपला की बऱ्याचदा परत त्याच तारेवर.

घरट्यात तर काहीच साम्य नाही. माळभिंगरी चिखलाच्या गोळ्यांनी घरटं लिंपते. वुडस्वॅलो गवत आणि बारीक मुळ्यांची उथळ वाटी करतो, बऱ्याचदा ताडाच्या झावळीच्या बुडाशी. हिंदीत त्याला ताडी अबाबील म्हणतात ते उगाच नाही. मोकळं रान, शेतं, डोंगरउतार, तिथे उंच ताड किंवा वाळकी फांदी असली की तो रमतो. महिनाही मदत करतो: माळभिंगरी आपल्याकडे हिवाळी पाहुणी, वुडस्वॅलो इथलाच रहिवासी.

भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीनपर्यंत त्याचा वावर आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो ‘कमी चिंतेचा’ आहे, माळभिंगरीही तशीच. पण यादी अख्ख्या प्रजातीची असते. तुमच्या गावचे ताड तोडले, तर घरट्याच्या जागा तुमच्या गावातूनच जातात. म्हणून रांग दिसली की पक्षी मोजा, आणि आसपासचे ताडही.