इस्त्रीकाम

कापडावरील सुरकुत्या उष्णता, ओलावा व दाब यांच्या साहाय्याने काढून त्याला हवी ती घडी किंवा आकार देण्याचे काम. घरगुती इस्त्री सर्वपरिचित असल्याने येथे उगम, तंत्र व व्यवसाय यांचाच विचार केला आहे.

उगम : कापड सपाट करण्याच्या थंड पद्धती उष्ण पद्धतींपेक्षा बहुधा जुन्या असाव्यात. स्कॅन्डिनेव्हियात व्हायकिंग काळातील थडग्यांत काचेचे घुमटाकार घोटे (कापड घोटण्याची साधने) आणि देवमाशाच्या हाडाच्या पाट्या सापडल्या आहेत. घोटे कापडासाठी होते हे बहुतेकांना मान्य आहे; पाट्यांबद्दल मतभेद आहेत. भारतात कापडाची घडी ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकत. या क्रियेला कुंदी व ती करणाऱ्या कारागिरास कुंदीगर म्हणत.

उष्ण पद्धतीचा प्राचीन पुरावा चीनमधील आहे. हान काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) लांब दांड्याची काशाची भांडी इस्त्रीची मानली जातात, परंतु अशा प्रत्येक भांड्याचा उपयोग हाच होता, असे म्हणता येत नाही. त्या मानाने चित्राचा पुरावा अधिक भक्कम आहे. तांग काळातील (इ. स. ६१८–९०७) चित्रकार झांग श्वान याच्या चित्राची बाराव्या शतकातील प्रत बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीत दोघींनी रेशमाचा पट्टा हवेत ताणून धरला आहे व तिसरी निखाऱ्यांचे भांडे त्यावरून फिरवीत आहे. खाली टेबल नाही. आधार केवळ ताणाचा आहे.

झाकणाची, पोटात निखारे घालण्याची इस्त्री भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज संपर्कातून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘इस्त्री’ हे नावही पोर्तुगीज ‘एस्तिरार’ (ताणणे) यावरून आले असावे. मात्र नाव परके म्हणून क्रियाही परकी ठरत नाही. निखारे भरलेला पितळी तांब्या कपड्यावरून फिरविण्याची रीत महाराष्ट्रातील घरांत विसाव्या शतकातही होती. विजेच्या इस्त्रीचे एकस्व (पेटंट) न्यूयॉर्कच्या हेन्री सीली याने १८८२ मध्ये घेतले.

तंत्र : सुती धाग्यातील सेल्युलोज या तंतुद्रव्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधील दुबळ्या आकर्षणाने) परस्परांना धरून असतात. पाणी शिरले की हे बंध सैल होतात, उष्णतेने साखळ्या सरकतात व कापड सुकताच नव्या जागी पुन्हा बांधल्या जातात. सुती कपड्यावर आधी पाणी शिंपडतात ते यासाठीच. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही. ते उष्णतेनेच मऊ होते, आणि सुमारे २५०° से.च्या पुढे वितळते. कपड्यावरील चिठ्ठीत इस्त्रीच्या चित्रात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात; त्यांचा अर्थ अनुक्रमे सुमारे ११०°, १५०° व २००° से. असा रूढ आहे. लोकरीवर ओले फडके टाकतात. गडद पँट सुलट बाजूने दाबल्यास चकाकते, आणि ती चकाकी सहसा पूर्ण जात नाही. जरीची साडी उलट बाजूने, मंद तापावर करतात. अनेक जण ती रोल पॉलिशला (रुळांवरून फिरवून सपाट करण्यास) देणेच पसंत करतात.

व्यवसाय : महाराष्ट्रात हे काम परंपरेने परीट समाजाकडे होते, संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) याच समाजात जन्मले. आज शहरांत उत्तर भारतीय व तेलुगू भाषक कारागीरही मोठ्या संख्येने आहेत. हातगाडी, जिन्याखालची जागा किंवा इमारतीचे वाहनतळ एवढ्यावर धंदा चालतो. मजुरी नगावर ठरते. तयार कपड्यांच्या कारखान्यातील प्रेसमनचे काम निराळे. शिलाई चालू असताना कॉलर, कफ, खिसे दाबून घेणे ही मधली इस्त्री व पूर्ण कपड्याची ती शेवटची इस्त्री. तेथे बॉयलरची वाफ येते आणि टेबलाखालचा पंखा ती ओढून कपडा लगेच थंड करतो. वाफेपेक्षा हे थंड होणेच घडी टिकविते. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातही (२००८) हाताने धुणारे-इस्त्री करणारे (गट क्र. ९१२१) व धुलाईयंत्र चालक (गट क्र. ८१५७) वेगळे धरले आहेत.

कोळशाची इस्त्री कित्येक किलो वजनाची असते. खांदा व मनगट दुखणे आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठणे हे तिचे धोके. पर्याय म्हणून गॅसवरील इस्त्र्या काही शहरांत वापरात आहेत. तमिळनाडूतील तिरुवण्णामलईच्या विनिशा उमाशंकर या विद्यार्थिनीची सौरऊर्जेवरील इस्त्रीगाडी २०२१ मध्ये अर्थशॉट या पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम फेरीत होती.